न केलेली एक दाढी

माझा जन्म नाभिकाच्या घरात झाला आणि बावन्न वर्षे मी तोच व्यवसाय केला. तरीही वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत मी स्वतःची दाढी स्वतःच्या हाताने एकदाही केलेली नव्हती. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटेल. आमच्या धंद्यात कोणाला वाटत नाही. वस्तऱ्याच्या काळातला न्हावी न्हाव्याकडूनच दाढी करवून घेई. माझी दाढी माझा चुलतभाऊ दामू करीत असे आणि त्याची मी. सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघे आळीपाळीने एकाच खुर्चीत बसत असू. बोलणे फारसे नसे. दामूचा हात हलका होता आणि स्वभाव जड.

या बावन्न वर्षांत माझ्या हाताखालून किती चेहरे गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. मावळातले शेतकरी, रेल्वेचे खलाशी, बंगल्यांमधले शेठ, मुंजीचे बटू, आणि ज्यांना पुन्हा दाढी लागणार नव्हती असे काही मृत देहही. त्या सर्वांना मी आदराने हात लावला असे मला म्हणता येते. एकाच चेहऱ्याला मी नकार दिला. तो माणूस आजही लोणावळ्याजवळ वलवणला राहतो. जगाचा निरोप घेण्यापूर्वी त्याच्यासमोर एकदा निर्मळ मनाने बसता यावे, एवढीच माझी इच्छा होती. ती पूर्ण करण्याची संधी देवाने उतारवयात दिली आणि तिचे मी काय केले, ते येथे लिहितो.

प्रथम वस्तऱ्याविषयी, कारण हल्लीच्या वाचकाने तो पाहिलेला असेलच असे नाही. वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारे सरळ, उघडे पाते. त्याला जाळी नाही, आडोशाची कड नाही. चूक पोटात घालणारे काहीही नाही. पाते फार उभे धरले तर कातडी कापते, फार आडवे टेकवले तर केस न कापता ओढते. पात्याची पाठ त्वचेपासून स्वतःच्याच जाडीच्या दुप्पट अंतरावर राहिली, की ते आपोआप सरकते. हे अंतर डोळ्यांना मोजता येत नाही, ते मनगटाला कळावे लागते. जोर म्हणून द्यायचाच नसतो. आणि उजव्या हातापेक्षा डावा महत्त्वाचा, कारण कातडी ताणून धरण्याचे काम त्याचे. नवशिक्या माणूस पात्याकडे पाहतो. जाणता माणूस आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडे लक्ष ठेवतो.

आता न्हाव्याला स्वतःची दाढी का येत नाही, ते सांगतो. गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेले असते आणि आम्ही त्याच्या मागे किंवा बाजूला उभे असतो. आम्हाला चेहरा ठाऊक असतो तो वरून आणि दुसऱ्याचा. तोच वस्तरा स्वतःच्या गालाकडे वळवला की कोपर आड येते, मनगट उलटे होते, आणि आरशातला हात आपण नेऊ त्याच्या भलत्याच दिशेला जातो. पन्नास वर्षांची विद्या तिथे निरुपयोगी ठरते, किंबहुना आडवी येते.

माझ्याकडे आणखी एक विद्या होती आणि तिचा मला अधिक अभिमान होता. माझे वडील लोणावळ्यातील एका शास्त्रीबुवांची दाढी करायला आमच्या गावाहून चालत जात. गाव कुसगावापासून तासाभराच्या वाटेवर. मी गरम पाण्याचा तांब्या घेऊन बरोबर असे. शास्त्रीबुवांच्या घरीच छोटी पाठशाळा होती. मुले संस्कृत शब्दांची रूपे म्हणत आणि मी दाराशी उभा राहून ती ओठांत म्हणत असे. एके दिवशी एक मुलगा अडखळला आणि पुढचे रूप माझ्या तोंडून बाहेर पडले. वडिलांनी माझ्याकडे रागाने पाहिले. शास्त्रीबुवा मात्र गालावर साबण तसाच ठेवून म्हणाले, "उद्यापासून हा बसेल."

मी सात वर्षे बसलो. माझे आसन दाराशी, इतरांपासून दोन हात दूर होते. त्याची मला खंत वाटत नसे. आत घेतले हेच फार वाटे. रूपावली झाली, कोश पाठ झाला, काव्यातील सोपे सर्ग झाले, पुढे गीतेचे अर्थासह पठण झाले. त्या थोर पुरुषाला मी आजही सकाळच्या पूजेत प्रथम नमस्कार करतो. गुरूचे नाव घेतल्याशिवाय विद्या उच्चारू नये, हा त्यांचाच संस्कार. पुढे काय झाले हे वाचताना वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

या विद्येचा धंद्यात उपयोग एवढाच झाला की गाव मला 'न्हाव्याचा पंडित' म्हणू लागला. जावळाच्या वेळी भटजी जो मंत्र म्हणतात त्यात, या बालकाला इजा करू नकोस, अशी प्रार्थना आहे आणि ती वस्तऱ्याला उद्देशून आहे. वस्तरा माझ्या हातात असे, म्हणून मी ती स्वतःला उद्देशून समजे. एकदा एका बंगल्यात तरुण भटजींनी त्यातला एक शब्द गाळला. मी हळूच सांगितला. यजमानांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू खुर्ची बोलली. भटजींनी मात्र मंत्र पहिल्यापासून म्हटला. तेवढ्या एका आठवणीवर मी कितीतरी वर्षे काढली.

आता तो दिवस. मी वीस वर्षांचा होतो. वडील तळेगावला एका लग्नाच्या कामासाठी गेले होते आणि गावात, देवळामागच्या ओट्यावर, मी एकटाच धोकटी मांडून बसलो होतो. धोकटी म्हणजे आमची हत्यारांची चामडी पिशवी. तीन बडे शेतकरी बसलेले. एकाच्या तोंडाला साबण लावून झाला होता आणि अर्धा गाल उतरला होता. तेवढ्यात किसन आला. गावाच्या खालच्या अंगाला ज्यांची वस्ती, त्या घरांतला. त्या घरांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. किसन माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, सातवीपर्यंत शिकलेला. तो ओट्यापासून चांगला पाच पावलांवर थांबला.

"रेल्वेत बलावलंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी लोनावळ्याला मुलाखत हाय. तेवढी दाढी करून द्या."

नियम सर्वांना ठाऊक होता. त्या वस्तीतल्या चेहऱ्याला लागलेला वस्तरा गावाच्या चेहऱ्याला चालत नसे. लावला असता तर दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर कोणी आले नसते आणि सुगीला आमच्या घरी धान्य आले नसते. कायद्याने हे त्याही वेळी निषिद्ध होते. पण कायदा ओट्यावर येऊन बसत नसे, ते तिघे बसत. त्यांनी मला काहीही सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही.

मी म्हणालो, "आज वस्तऱ्याला धार नाही."

ज्याचा अर्धा गाल उतरला होता तो साबणातून म्हणाला, "आरं, मग माझी काय खुरप्यानं चाललीया व्हय?"

तिघेही पोट धरून हसले. मीही थोडा हसलो. किसन हसला नाही. त्याने माझ्या हातातल्या ओल्या पात्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि आल्या वाटेने गेला.

संध्याकाळी वडिलांना कळले. ते म्हणाले, "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी पाठशाळेत शास्त्रीबुवांनी मला सर्व भूतांच्या ठायी एकच आत्मा पाहणाऱ्याचे लक्षण विचारले. मी अन्वय आणि अर्थ न अडखळता सांगितला. ते म्हणाले, उत्तम.

किसनला नोकरी मिळाली. पुढे मीही गाव सोडून लोणावळ्यात दुकान टाकले. शहरातल्या दुकानात कोणाला जात विचारण्याचा प्रश्न नव्हता, मी कधी विचारलीही नाही, आणि त्यामुळे आपण सुटलो असे मी मानून घेतले. पण किसनभाऊ रोज ड्यूटीला जाताना दुकानासमोरून जात. चेहरा आरशासारखा गुळगुळीत. रेल्वेच्या चाळीत ते स्वतः वस्तऱ्याने दाढी करतात हे सगळ्यांना ठाऊक होते. तीस-बत्तीस वर्षे ते माझ्या दारावरून गेले. पायरी एकदाही चढले नाहीत. समोर आले की मी मान लववीत असे. तेही लववीत. दुसऱ्याच्या हातची कामगिरी पाहून न्हाव्याच्या पोटात थोडे दुखतेच. मला त्या गुळगुळीत गालाकडे पाहवत नसे.

गेल्या वर्षी चैत्रात दामू गेला. त्याच्या दहाव्याला मी सर्वांचे क्षौर केले आणि मग ध्यानात आले की माझे करायला कोणी उरलेले नाही. दुकान आता मुलगा चालवतो. त्याच्याकडे अर्धे ब्लेड अडकवण्याचे हत्यार आहे आणि मशिने आहेत; हात त्याचा वाईट नाही, पण कानातल्या यंत्रावर तो सारखा कोणाशी तरी बोलत असतो. त्याच्यासमोर मान मागे टाकायला मला धीर होईना. मी दाढी वाढू दिली.

त्याच सुमारास कुसगावच्या बाजूच्या एका हॉटेलचा तरुण व्यवस्थापक दुकानात आला. अनिकेत त्याचे नाव. नम्र मुलगा, खाली वाकून नमस्कार करणारा.

"काका, हल्ली वस्तऱ्याची फार क्रेझ आहे. लोक महागडे वस्तरे मागवतात आणि मग घाबरून कपाटात ठेवतात. वीकेंडला आमच्या गेस्टना तुम्ही शिकवाल का? स्वतःची स्वतः, आरामात, न कापता."

मला हसावे की रडावे समजेना. जे हत्यार हातात आहे म्हणून आम्हाला लग्नाच्या पंगतीत शेवटी बसवीत, ते आता लोक हौसेने मागवत होते. तरी मी होकार दिला. मान कोणाला नको असतो? आणि घरी येऊन, दार लावून, आरशासमोर बसून स्वतःच्या गालाला वस्तरा लावला.

चार ठिकाणी कापले. कानाजवळची जखम तुरटीलाही दाद देईना. सून जेवायला बोलवायला आली ती दारातूनच किंचाळली. मुलगा म्हणाला, "अण्णा, हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगू का?"

मी सुनेकडे कापूस मागितला. लोणावळ्यात स्वतःची दाढी वस्तऱ्याने उत्तम करणारा एकच माणूस मला ठाऊक होता. त्याच्याकडे शिकायला जायचे तर निमित्त आयते मिळाले होते. देवाच्या मनात काय आहे हे मला तेव्हा स्पष्ट दिसले असे वाटले. विद्यार्थी म्हणून जायचे, पायाशी बसायचे, क्षमा मागायची. जखमेवर कापूस चिकटवलेला, तसाच मी सोमवारी वलवणला गेलो.

किसनभाऊंचे घर धरणाच्या वाटेवर आहे. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओसरीत नीट घडी घातलेले वर्तमानपत्र. पत्नी जाऊन काही वर्षे झाली. मुलगा नोकरीनिमित्त पिंपरीला असतो. त्यांनी मला ओळखले आणि कापसाकडे पाहिले.

"या पंडित. घरात मांजर पाळलंय का?"

"नाही, किसनभाऊ. स्वतः केली."

"तुमी? स्वतः?" ते हसले नाहीत, पण डोळे हसले. "मलाबी सायबानं मुलाखतीला ह्येच इचारलं व्हतं. घरात मांजर हाय का म्हून. सात ठिकाणी कागुद चिकटवून गेलतो."

मी म्हणालो, "त्या दिवशी..."

"ठाव हाय," ते म्हणाले. "त्ये ऱ्हाऊ द्या. आज कामून आला, त्ये बोला."

मी सांगितले, मला शिकवा. ते आत गेले, गरम पाणी आणले, आणि भिंतीवरचा छोटा आरसा काढून पालथा ठेवला.

"ह्यो नको. ह्यो लबाड असतोय."

त्यांची पद्धत अशी. त्यांनी शिकायला सुरुवात केली तेव्हा घरात आरसाच नव्हता. म्हणून ते बोटांनी पाहायला शिकले. ओल्या गालावर डाव्या हाताची बोटे फिरवायची आणि केस कोणत्या बाजूला निजले आहेत ते चाचपायचे. गालावर खाली, गळ्यावर बहुतेकांचे आडवे, हनुवटीखाली कोणाचे भोवऱ्यासारखे. जिथे बोट तिथे पाते. बोटाने कातडी वर ताणायची आणि बोटामागून पाते खाली न्यायचे, इंचभरच, केसांच्या कलाने. पहिले आठ दिवस फक्त गाल; गळा, ओठाची वरची बाजू आणि हनुवटी साध्या रेझरने उरकायची. नंतर गळा. सर्वांत शेवटी हनुवटी. हात थरथरला तर त्या दिवशी थांबायचे, लाज वाटून घ्यायची नाही.

"दुसऱ्याचं करताना तुमी वरनं बघता," ते म्हणाले. "आपलं आतनं बघावं लागतंय. डोळं मिटा."

मी डोळे मिटले. बावन्न वर्षे जे हाताने केले ते त्या क्षणी बोटांना प्रथम कळले. मी आठ सोमवार गेलो. तिसऱ्या सोमवारी रक्त आले नाही. सहाव्या सोमवारी हनुवटी जमली. माझे चुकले की किसनभाऊ बोलत, जमले की गप्प बसत. एकदा मात्र म्हणाले, "बरा हात हाय. शिकवलं असतं तर लवकर शिकला असता." यात टोमणा होता की कौतुक, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. शेवटच्या सोमवारी मी त्यांच्या पायांवर डोके ठेवायला वाकलो. त्यांनी खांदे धरून मला उभे केले. आमच्यात पाया पडत न्हाईत, म्हणाले.

तेव्हा मी म्हणालो, "किसनभाऊ, हॉटेलात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, हे मी कुणाकडून शिकलो. शनिवारी तुम्ही या."

"मी कशाला? आनि तितं मला कोन आत सोडतंय?"

"मी गेटवर सांगून ठेवतो. या."

ते म्हणाले, "बघतो." ते येणार नाहीत असे मला वाटले. पण शुक्रवारी संध्याकाळी दुकानावरून जाताना ते क्षणभर थांबले आणि विचारले, "किती वाजता?"

शनिवारी हॉटेलच्या हिरवळीवर टेबले मांडली होती, प्रत्येकावर गरम पाण्याचे भांडे, वस्तरा, आरसा, साबण, टॉवेल. सहा गृहस्थ होते, हॉटेलच्या पांढऱ्या झग्यांमध्ये. अनिकेतने फलक लावला होता: सात पिढ्यांची परंपरा. कार्यक्रमाआधी मी त्याला सांगितले की माझ्या गुरूंविषयी मला दोन शब्द बोलायचे आहेत, आणि काय बोलणार तेही सांगितले.

तो मनापासून अवघडला. "काका, स्टोरी फार स्ट्राँग आहे. पण गेस्ट इथे रिलॅक्स व्हायला येतात हो. जातीबितीचं निघालं की मूड जातो. आपण फक्त परंपरा म्हणू. प्लीज."

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मी स्वतःपासूनही लपवले. तेवढ्यात किसनभाऊ आले. इस्त्री केलेला पांढरा सदरा, पायांत चपला नव्हे, बूट. मागच्या एका खुर्चीत बसले. गालावर केसाचा अंश नाही.

मी शिकवू लागलो. आरसे पालथे ठेवायला सांगितले. गृहस्थ आधी बावरले, मग बोटांनी गाल चाचपू लागले, आणि हिरवळ शांत झाली. मी किसनभाऊंचे एक एक वाक्य सांगत होतो: आरसा लबाड असतो, आतून पाहा, जिथे बोट तिथे पाते. एक गृहस्थ म्हणाले, हे तर अगदी ध्यानासारखे आहे. अनिकेतचा चेहरा उजळला. ज्याला घरात आरसा नव्हता आणि गावात न्हावी नव्हता, त्या माणसाची ही अडचण होती. ती ध्यान ठरली, हे मागे बसून तोही ऐकत होता.

शेवटी एका उमद्या गृहस्थांनी गाल पुसत मराठीत विचारले, "काका, काय सुंदर टेक्निक आहे. हे तुम्ही कुणाकडून शिकलात? वडिलांकडून?"

उत्तर तयार होते. आठ सोमवार ते मी मनात म्हणून पाहिले होते. त्या गृहस्थांचा चेहरा प्रसन्न होता, अनिकेत हसऱ्या चेहऱ्याने पण माझ्याकडे एकटक पाहत होता, आणि सगळे माझ्यावर खूश होते. तेवढेच. याहून मोठे कारण मी शोधले, अजून शोधतो, सापडत नाही.

मी म्हणालो, "हो."

पुढे आणखी एक वाक्य बोललो, तेही लिहितो: "आमच्या घराण्यातलंच आहे ते."

टाळ्या झाल्या. मी मागे पाहिले तेव्हा किसनभाऊ खुर्चीतून उठत होते. वेटरने त्यांच्यापुढे चहा धरला. त्यांनी तो हात जोडून नाकारला आणि ते गेटकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे धावलो नाही. माझ्याभोवती फोटो काढणारे उभे होते. जे नाव तेथे घ्यायला हवे होते ते या पानावर मी कितीदाही लिहिले, तरी त्या दुपारच्या जागी ते बसत नाही.

सोमवारी सकाळी वलवणला गेलो. ते परसात स्टुलावर बसून साबण घोटत होते. मला पाहून त्यांनी दुसरे स्टूल पायाने पुढे सरकवले.

"किसनभाऊ, शनिवारी मी खोटं बोललो."

"ऐकलं की. मागं बसलो व्हतो, बहिरा न्हाई झालो."

"मला क्षमा करा."

त्यांनी गालांना साबण लावला. "बापाचं नाव घेतलं तुमी. चांगलं हाय. मानसानं बापाचं नाव घ्यावं."

ते चामडी पट्ट्यावर वस्तरा ओढू लागले, सावकाश, पाठीवर उलटवीत.

"एक इचारू, पंडित?"

"विचारा."

"तवा वट्ट्यावर गाव बसलं व्हतं. तुमी पोरगं व्हता. बाप मारंल, दानं बंद व्हतील, ह्ये भ्या व्हतं. त्ये मला त्याच सांच्याला कळालं व्हतं. म्या राग धरला, पर लय दिस न्हाई धरला." वस्तरा थांबला. "परवा कोन बसलं व्हतं?"

सहा अनोळखी माणसे बसली होती, त्यांची नावेदेखील मला ठाऊक नव्हती, आणि त्यांतले कोणी माझे काहीही बिघडवू शकले नसते.

"येत्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. "तुमचं नाव घेऊन."

"सांगा, न्हाईतर नका सांगू. त्ये आता माझ्यासाठी ऱ्हायलं न्हाई. तुमच्यासाठी ऱ्हायलंय."

मग त्यांनी डोळे मिटले आणि दाढी सुरू केली. मी समोर बसून पाहत राहिलो. बोट, मग पाते. बोट, मग पाते. गाल झाले, गळा झाला, हनुवटी झाली. पण ऐंशीला टेकलेली बोटे ती, रुळांवर झिजलेली. डाव्या जबड्याखाली, कानाच्या पाळीच्या खालच्या बाजूला, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा एक ठिपका राहून गेला. बोट त्यावरून दोनदा फिरले आणि त्याला कळले नाही. न्हाव्याच्या नजरेतून असे काही सुटत नाही. माझा हात आपोआप पुढे झाला.

"किसनभाऊ, डावीकडं, खाली थोडं राहिलंय. मी करू का?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिले. मग टॉवेल घेऊन तोंड पुसले, त्या ठिपक्यावरूनही टॉवेल फिरवला, आणि वस्तरा मिटला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उद्या माझं मी काढीन."